तीन चाकांचे गणित

तीन चाकी गाडी म्हटले की आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे जवळजवळ एकच चित्र उभे राहते. नावे मात्र निरनिराळी. पुण्या-सोलापूरकडे तिला रिक्षा म्हणतात. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे ती ‘ऑटो’. रिक्षा म्हणजे पायडल मारायची. तीच गाडी जरा लांबट झाली, मागे समोरासमोर बाके आली, की कुठे तिची ‘टमटम’ होते, कुठे तिला लोक सरळ ‘डुक्कर’ म्हणतात. आणि अशी गाडी गावोगाव माणसे भरत फिरू लागली की कोल्हापूर-सांगलीकडे त्या धंद्यालाच ‘वडाप’ असे नाव आहे. एवढी नावे ज्या वस्तूला लोकांनी दिली, ती लोकांच्या किती अंगवळणी पडली असेल! असे असूनही एखाद्याने हौसेने तीन चाकी घेतली असे आपण ऐकले आहे काय? हौसेला मोटारसायकल, प्रतिष्ठेला मोटार आणि पोटाला तीन चाकी, अशी आपल्याकडे वाटणीच होऊन गेली आहे.

परदेशांत तशी वाटणी नाही. अमेरिकेतील पोलारिस कंपनीची ‘स्लिंगशॉट’ ही गाडी 2014 साली बाजारात आली. पुढे दोन चाके, मागे एक, शेजारी-शेजारी दोन आसने, हातात गोल स्टिअरिंग, डोक्यावर छप्पर नाही. कॅनडातील बीआरपी कंपनीची ‘कॅन-ॲम स्पायडर’ 2007 ची. तिच्यावर मोटारसायकलसारखे टांग टाकून बसतात. या गाड्यांना कोणी भाडे विचारीत नाही. त्या रविवारी फिरायला जाण्यासाठी आहेत. त्यांची जाहिरात पाहून आमच्या वसतिगृहात एकदा वाद पेटला की ही मोटारसायकल म्हणावी, की स्पोर्ट्स कार, की सजवलेला ऑटो? प्रस्तुत लेख त्या वादातून निघाला. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दहावीपर्यंत सौंसरच्या मराठी शाळेत शिकलो आणि मामांच्या आधाराने इकडच्या कॉलेजात आलो. यंत्रशास्त्रात माझा अधिकार नाही. पण हे गणित शाळेतल्या त्रिकोणापलीकडे जात नाही, आणि त्याचे उत्तर आमच्याकडच्या रस्त्यांवर दर शनिवारी तपासून पाहता येते.

आधी कायदा पाहू, कारण तीन चाकीचा जन्म यंत्रशाळेइतकाच कर-कचेरीतही झालेला आहे. ब्रिटनमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी 1909 साली आपली पहिली तीन चाकी बनवली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात मांडली. तिकडे हलक्या तीन चाकीवर मोटारीपेक्षा कमी कर पडे आणि ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. त्याच सवलतीच्या जोरावर रिलायंट कंपनीची ‘रॉबिन’ 1973 साली आली. जर्मनीत 1928 नंतर लहान इंजिनाच्या आणि चारांहून कमी चाकांच्या गाड्यांना कर व परवाना यांत सूट होती. त्याच साली हॅम्बुर्गकडे एक कारखाना निघाला आणि त्याने आपल्या तीन चाकी मालगाडीला नाव दिले ‘टेम्पो’. ही गाडी 1958 पासून फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने आपल्याकडे बनवायला घेतली. आज आपण कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतो, तिला चार चाके असोत की सहा. ते एका जर्मन तीन चाकीचे विशेषनाम आहे. कंपनीने मात्र 2005 साली स्वतःच्या नावातून तो शब्द काढून टाकला. मराठीने तो ठेवून घेतला.

अमेरिकेतही तेच. स्लिंगशॉटला चौथे चाक नाही, म्हणून तेथील केंद्रीय कायद्याच्या लेखी ती मोटारसायकल ठरते आणि मोटारीला सक्तीच्या असलेल्या एअरबॅगसारख्या अनेक गोष्टींतून सुटते. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील मोटारसायकलची व्याख्या अधिक काटेकोर आहे. दोन चाकी वाहन. त्याला जोडता-काढता येणारी साइडकार आणि तिचे जादा चाक असले तरी चालेल. म्हणजे तिसरे चाक बाजूला लावले तर ती मोटारसायकलच राहते, मूळ सांगाड्यात बसवले तर वर्ग बदलतो. नियमाच्या दोन खणांमध्ये फट असली की तेथे कोणी ना कोणी वस्तू बनवून बसवतो, हे आमच्या करविषयक तासाला जितके खरे आहे तितकेच इथेही.

कन्नड विभागातील मित्रांसाठी एक आठवण मुद्दाम नोंदवतो. मोटारसायकलच्या इतिहासात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे (1961 ते 1996) नाव सर्वांना ठाऊक असते, पण बेंगळुरूने तीन चाकी मोटारही बनवली होती, हे थोड्यांना माहीत असेल. 1970 नंतरच्या दशकात सनराइज कंपनीने ‘बादल’ काढली. फायबरग्लासची बॉडी, मागे 198 सीसीचे इंजिन, पुढे एकच चाक. ऑटोचे हाड आणि मोटारीचे कातडे! ती फार चालली नाही. त्याच मंडळींनी 1982 मध्ये सिपानी या नावाने ‘डॉल्फिन’ आणली. तिचा आराखडा होता ब्रिटनच्या त्याच रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ गाडीचा, आणि तिला चाके चार होती. तीन चाकीत नाव कमावलेल्या कंपनीकडून चार चाकीचा आराखडा घ्यावा लागला, याचा अर्थ काय तो वाचकांनीच पाहावा.

आता त्रिकोण. घरातली तिवई आठवा. उंचसखल जमिनीवर चार पायांचे स्टूल डुगडुगते, तिवई कधीच डुगडुगत नाही. तीन पाय नेहमी टेकतात. म्हणून तिवई अधिक पक्की असे आपल्याला वाटते. पण तिच्या कडेला, दोन पायांच्या मधोमध, जोर देऊन पाहा. स्टूल जिथे जागचे हलत नाही तिथे तिवई कलंडते. न डुगडुगणे आणि न कलंडणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि तीन चाकीत पहिला आहे, दुसरा अर्धवट आहे.

चार चाकीच्या चाकांखाली जमिनीवर रेषा ओढल्या तर आयत होतो. ऑटोच्या चाकांखाली त्रिकोण होतो, टोक पुढे आणि पाया मागे. गाडीचे वजन जोवर या आकृतीच्या आत पडते तोवर ती उभी राहते. वळणावर ते वजन बाहेरच्या बाजूला ओढले जाते. ते रेषेबाहेर गेले की आतले चाक उचलते. हिशेबासाठी गोल आकडे धरू. पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंतचे अंतर 2 मीटर. मागच्या दोन चाकांमधले 1.15 मीटर. मागचे आसन पुढच्या चाकापासून 1.6 मीटरवर आहे असे धरा. तेथे त्रिकोणाची रुंदी 92 सेंटिमीटर येते, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे 46. चालक पुढच्या चाकापासून 80 सेंटिमीटरवर बसतो. तेथे त्रिकोण फक्त 46 सेंटिमीटर रुंद आहे. मध्यापासून एका बाजूला 23. आपल्या हाताची वीत घालून पाहा, तेवढेच.

आता चालकाच्या सीटवर त्याच्या शेजारी एकजण चिकटून बसला. त्याच्या शरीराचा मध्य गाडीच्या मध्यापासून वीतभर अंतरात राहणे शक्य नाही. तो गाडीच्या पत्र्याच्या आत आहे, पण गाडीच्या पायाच्या बाहेर आहे. त्याचे वजन गाडीला धरून ठेवत नाही, कलंडायला मदत करते. “बस न भाऊ, जागाच जागा हाये,” असे म्हणून चालक थोडा सरकतो तेव्हा तो जी जागा देतो ती मुळात गाडीची नसतेच.

वेगाचा हिशेबही त्याच आकड्यांवरून निघतो. 20 मीटर त्रिज्येचे वळण घ्या. मागे तीन प्रवासी, गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून 1.4 मीटरवर आणि जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच, असे धरले तर सपाट रस्त्यावर ताशी 41 किलोमीटरच्या आसपास आतले चाक उचलेल. माणसे वाढली, काही पुढे बसली, टपावर गाठोडी चढली, गुरुत्वमध्य 1.2 मीटरवर सरकला आणि 70 सेंटिमीटर उंचावला. मर्यादा आली 35 वर. तेवढ्याच रुंदीच्या आणि तेवढ्याच उंच गुरुत्वमध्याच्या चार चाकीला हाच आकडा 46 येतो. स्पोर्ट्स कार इतकी बसकी आणि रुंद असते की ती कलंडण्याआधी तिचे टायर घसरतात; घसरणारी गाडी निदान जमिनीवर असते. मोटारसायकलला तर उभे राहायला पायाच नाही. ती स्वतःच वळणात झुकते, 35 च्या वेगाला सुमारे 26 अंश, आणि झुकूनच तोल राखते. दोन चाकीला कलता येते, चार चाकीला पाया आहे. ऑटोला पाया अपुरा आणि कलण्याची सोय नाही. येथे मी आदर्श सपाट रस्ता धरला आहे; खड्डा, खडी आणि अचानक आडवे आलेले वासरू धरलेले नाही.

खड्ड्यावरून आणखी एक गोष्ट. मोटार दोन रेघांत चालते, मोटारसायकल एका रेघेत, तीन चाकी तीन रेघांत. मोटारवाला दगड दोन चाकांच्या मधून काढतो, मोटारसायकलवाला बाजूने. ऑटोवाल्याला दोन्ही मार्ग बंद. दगड मधून काढावा तर पुढचे चाक नेमके त्यावर. शेतरस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा राहतो. मागची चाके चाकोऱ्यांत आणि पुढचे चाक उंचवट्यावर, अशा स्थितीत ऑटो चालवणारा माणूस पाहिला की कारागिरीला दाद द्यावीशी वाटते.

मग ही गाडी टिकली कशी? स्वस्ताई हे उत्तर अर्धे आहे. पुढे एकच चाक असल्यामुळे स्कूटरचे हँडल आणि स्कूटरचा पुढचा दांडा बसवून काम भागले, इंजिन मागे. बजाजने स्कूटर आणि तीन चाकी एकाच घराण्यात वाढवल्या, त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही सर्वत्र मिळाले. शिवाय एकच चाक वळवायचे असल्याने ती अगदी थोड्या जागेत फिरते. आठवडी बाजाराच्या गल्लीत जिथे मोटार अडकून हॉर्न वाजवत बसते तिथून ऑटो उलटा फिरून निघून जातो. शहरात, कमी वेगात, मागे तीन माणसे घेऊन चालणारा ऑटो ही उत्तम वस्तू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिघडते ते गावाबाहेर पडल्यावर.

हौशी तीन चाक्यांनी त्रिकोण उलटा केला. मॉर्गन, स्लिंगशॉट, स्पायडर यांत पाया पुढे आहे आणि टोक मागे. वळणात ब्रेक दाबला की वजन पुढे धावते. ऑटोमध्ये ते अरुंद टोकाकडे जाते, यांच्यात रुंद पायाकडे. शिवाय बसणारे जमिनीलगत बसतात. यामागे अनुभव आहे. होंडाने 1970 साली अमेरिकेत फुगऱ्या टायरांची, पुढे एक चाक असलेली, रानावनात उधळायची तीन चाकी आणली होती. अपघात इतके वाढले की 1988 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तेथे अशा नव्या गाड्यांची विक्री थांबली. पियाजिओच्या 2006 च्या ‘एमपी3’ मध्ये तर पुढची दोन्ही चाके मोटारसायकलसारखी झुकतात; म्हणजे पायाही आणि कलणेही. एवढे केल्यावर ती गाडी स्वस्त राहत नाही हे ओघाने आलेच. मला विचाराल तर स्लिंगशॉटला स्पोर्ट्स कार म्हणणे हा जाहिरातीचा भाग आहे. तिच्यात मोटारीची सुरक्षितता नाही, मोटारसायकलचे कलणे नाही. पण ती ज्याने घेतली त्याने निदान स्वतःच्या हौसेने घेतली आहे. जामसावळीला निघालेल्या म्हातारीने ऑटोची निवड केलेली नसते.

आता आमच्या रस्त्यांकडे येतो. पांढुर्णा नागपूर-बैतूल रस्त्यावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा जिल्हा वेगळा निघाला आणि सौंसर त्यात गेले. त्यामुळे जिल्ह्याच्या कामाला आमची माणसे पूर्वी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जात, ती आता पांढुर्ण्याला जातात. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या या आडव्या वाटेवर मंगळवारी आणि शनिवारी जामसावळीच्या निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाची गर्दी असते. बस चुकली की मिळेल ते वाहन. आणि मिळते ते पुष्कळदा तीन चाकी.

याच रस्त्यावर माझ्या चुलत भावाचा, म्हणजे दादाचा, एक प्रश्न अडकला होता. त्याची दोन एकर संत्री आहेत. जुन्या मोटारसायकलवर तो क्रेट बांधून नेतो. आता गाडी घ्यायची. जुनी तीन चाकी मालगाडी घ्यावी की कर्ज काढून ‘छोटा हत्ती’ घ्यावा, हा घरातला वाद. काकूचे मत पक्के : “चार चाकं असली म्हंजे पोरीवाले दारात तरी येतीन.” याला वाणिज्यशास्त्रात उत्तर नाही. बाकीचे मांडून पाहिले. एक क्रेट 20 किलोचा आणि एका तोडणीचे 70 क्रेट धरा. मोटारसायकलवर तीन, म्हणजे 24 फेऱ्या. अर्ध्या टनाच्या तीन चाकीत 25, म्हणजे तीन फेऱ्या. पाऊण टनाच्या छोट्या हत्तीत 37, म्हणजे दोन. मोठ्या कर्जाने वाचते काय, तर तोडणीमागे एक फेरी. आणि संत्र्याचे दिवस वर्षात दोनच, आंबिया बहाराचे आणि मृग बहाराचे; बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. उरलेल्या महिन्यांत गाडीने काय करावे, हा स्थिर खर्चाचा प्रश्न पुस्तकात असतो तसाच दादाच्या अंगणातही होता. त्याचे उत्तर तयार होते : “शनवारी जामसावळीचे पासिंजर मारले का हप्ता निघते.”

मालाच्या तीन चाकीत, उघड्या हौद्यात, उभी माणसे! उभ्या माणसांचा गुरुत्वमध्य कुठे जातो हे वरच्या हिशेबावरून कळेलच. पण दादा त्रिकोणाने ऐकणारा नाही, म्हणून मी त्याला विम्याचे कलम सांगितले. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ठरवले आहे की मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाच्या मृत्यूची वा इजेची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मग ती येते मालकावर. मालकाजवळ काय आहे? दोन एकर संत्री. शनिवारच्या दहा फेऱ्यांचे भाडे एका पानावर आणि बाग दुसऱ्या पानावर लिहून मी त्याला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटी त्याने जुनी तीन चाकी घेतली, फक्त मालासाठी. मधल्या महिन्यांत तो शेजाऱ्यांचे खत आणि भाजीपाला वाहतो. हप्ता ओढूनताणून निघतो. काकू अजून नाराज आहे. गाडी आणली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. विचारलेन एवढेच, “क्रेट पुढं रचू का मांगं?” मी सांगितले ते असे : मागच्या आसाच्या किंचित पुढे, कारण तिथे त्रिकोण रुंद आहे, आसाच्या मागे मात्र मुळीच नको, चढावर पुढचे चाक हलके होऊन हँडल ऐकेनासे होते. भरलेले क्रेट तळाला, रिकामे वर, दोन थरांच्या वर तिसरा नाही. आणि चालकाच्या सीटवर चालक एकटा.